डिस्क गेल्यानंतरची रात्र

सर्व्हरमधली एक डिस्क गेली म्हणून डेटा जात नाही, त्याच्या आणखी दोन प्रती दुसरीकडे असतात, हे मला नोकरीला लागल्या लागल्याच सांगितलं होतं. त्यामुळे त्या गुरुवारी दुपारी मॉनिटरवर एक डिस्क लाल झाली तेव्हा मी निर्धास्त होते. नवी डिस्क मागवायची, आली की बसवायची, विषय संपला. पण थोड्याच वेळात खालच्या वाचनकक्षातून फोन आला. आमच्याकडे मोडी कागदपत्रांच्या स्कॅन केलेल्या पानांचा मोठा साठा आहे. ती पानं उघडायला भयंकर वेळ लागतोय, अशी तक्रार होती.

मी आलेख उघडले आणि चक्रावले. वाचकांकडून येणाऱ्या मागण्या रोजच्याइतक्याच होत्या, उलट थोड्या कमीच. तरीही डिस्क शंभर टक्के व्यस्त. ज्या दोन सर्व्हरना काहीच झालं नव्हतं, त्यांच्याही! सर्व्हरांमधलं नेटवर्कही तुडुंब. मग हे सगळं काम करतंय कोण, आणि कुणासाठी?

आमचा साठा सेफ या मुक्त सॉफ्टवेअरवर चालतो. सेज वाइल यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता क्रूझ शाखेत पीएचडी करताना ते घडवलं, 2006 साली त्यावरचा शोधनिबंध आला, आणि जिनिव्हाजवळची सर्न प्रयोगशाळाही ते वापरते. आमचा पसारा त्यामानाने चिमुकला आहे. तीन सर्व्हर, प्रत्येकात आठ टेराबाइटच्या चार फिरत्या डिस्क, आणि प्रत्येक फाइलच्या तीन प्रती, दर सर्व्हरवर एक.

प्रत्येक डिस्क सांभाळणारी एक प्रक्रिया असते, तिला ओएसडी म्हणतात. ती उत्तर देईनाशी झाली की आधी ‘डाउन’ ठरते. तेव्हा डेटा जागचा हलत नाही. सर्व्हर रीस्टार्ट होत असेल, केबल सैल झाली असेल, म्हणून सेफ थांबतो. ही मुदत मूळ सेटिंगमध्ये 600 सेकंदांची आहे. दहा मिनिटं उलटली की डिस्क ‘आउट’ धरली जाते आणि हरवलेली प्रत उरलेल्या दोन प्रतींवरून दुसऱ्या डिस्कवर नव्याने करायचं काम सुरू होतं. यालाच बॅकफिल म्हणतात. कुणी बटण दाबत नाही, कुणाची परवानगी लागत नाही. मी निवांत चहा घेत होते, तेव्हा ते सुरूही झालं होतं.

माझे वरिष्ठ, ज्यांना आम्ही सर म्हणतो, माझ्या खुर्चीशेजारी येऊन बसले. “आयओस्टॅट चालव आणि अवेटचा रकाना बघ,” म्हणाले. डिस्ककडे मागणी गेल्यापासून उत्तर येईपर्यंत किती मिलिसेकंद गेले, ते त्या रकान्यात दिसतं. एरवी दहाच्या आसपास असणारे आकडे शंभराच्या पलीकडे गेले होते. कारण सगळं यांत्रिक आहे. ही डिस्क मिनिटाला 7200 फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला आठ मिलिसेकंदांहून थोडं जास्त. सलग वाचायचं असेल तर ती सेकंदाला दीडशे मेगाबाइट सहज देते. पण एक तुकडा इथला, दुसरा तिथला असं वाचायला लावलं, तर सेकंदाला शंभरेक मागण्यांतच तिचा दम संपतो. वाचकाचं पान डिस्कच्या एका टोकाला, बॅकफिलला हवा असलेला तुकडा दुसऱ्या टोकाला, आणि वाचणारं हेड एकच. वाचक वाढले नव्हते, पण हेडला मालक दोन झाले होते. आणि नवी प्रत करायची म्हणजे शाबूत प्रत आधी वाचायला हवी, म्हणून निरोगी सर्व्हरही दमले होते.

नेटवर्कचा हिशेब सरांनी कागदावर करून दाखवला. एक गिगाबिटच्या तारेवरून एक टेराबाइट न्यायला, तार पूर्ण मोकळी असली तरी, सव्वादोन तास लागतात. दहा गिगाबिटवर तेरा-चौदा मिनिटं. आमच्या गेलेल्या डिस्कवर पाच टेराबाइटहून जास्त डेटा होता. मेमरी आणि प्रोसेसरही या काळात जास्त लागतो. पण फिरत्या डिस्क असल्या की खरी अडचण हेडपाशीच होते.

“मग हे थांबवूया का?” मी विचारलं. थांबवता येतं, नोबॅकफिल नावाचा झेंडा लावला की झालं. सर म्हणाले, “थांबव. पण त्याआधी प्रती किती उरल्यात ते बघ.” बऱ्याच डेटाच्या दोनच उरल्या होत्या. तीन प्रतींच्या मांडणीत सहसा दोन प्रती असेपर्यंतच सेफ वाचू-लिहू देतो. दुसऱ्या सर्व्हरवरची आणखी एक डिस्क त्याच वेळी गेली, तर काही पानांची एकच प्रत उरेल आणि ती उघडायचीच थांबतील. उशिरा उघडणारं पान आणि न उघडणारं पान यांतलं काय पत्करायचं, हा प्रश्न होता. तोपर्यंत मला तो तांत्रिक वाटत होता. खरं तर तो वाचनकक्षाच्या वेळापत्रकाचा निघाला.

संध्याकाळी वाचक जातात, सकाळी परत येतात. म्हणून रात्री दुरुस्तीला वाट मोकळी करायची आणि सकाळी वाचकांना पुढे घ्यायचं, असं ठरलं. इथे मी पुन्हा गोंधळले. जुन्या लेखांत वाचलेलं, एका वेळी किती बॅकफिल चालावेत याचं सेटिंग बदललं, पण काही फरक पडेना. 2022च्या क्विन्सी आवृत्तीपासून एमक्लॉक हा नवा नियोजक कामांची वाटणी करतो, आणि आपण मुद्दाम मुभा दिल्याशिवाय तो जुने आकडे जुमानत नाही. त्याच्याकडे तयार तीन पर्याय आहेत: वाचकांना झुकतं माप, दुरुस्तीला झुकतं माप, किंवा दोघांना समतोल. रात्री दुरुस्तीचा पर्याय लावला, सकाळी वाचकांचा. पानं पुन्हा बऱ्यापैकी उघडू लागली.

मला सर्वात अनपेक्षित होती ती जागेची गोष्ट. कुणी एकही नवं पान चढवलं नव्हतं, तरी डिस्क भरत चालल्या होत्या. प्रत्येक सर्व्हरवर एक प्रत हवीच, त्यामुळे गेलेल्या डिस्कचा वाटा त्याच सर्व्हरच्या उरलेल्या तीन डिस्कवर गेला. आधी चारही 66 टक्के भरलेल्या होत्या, म्हणजे तिघींवर सरासरी 88. सेफचा इशारा 85 टक्क्यांना येतो, 90 टक्क्यांना त्या डिस्कवर बॅकफिल थांबतो, आणि 95 टक्क्यांना लिहिणंच बंद होतं. वाटप कधीच अगदी समसमान नसतं. एक डिस्क 90च्या पुढे गेली आणि शेवटचे काही तुकडे ‘बॅकफिल टूफुल’ म्हणत अडून बसले. चाचणीसाठी ठेवलेला जुना डेटा सरांनी पुसला, तेव्हा ते सरकले.

सोमवारी नवी डिस्क बसवली आणि सगळी धावपळ पुन्हा सुरू! या वेळी मात्र पडद्यावर ‘डिग्रेडेड’ऐवजी ‘मिसप्लेस्ड’ लिहून येत होतं. हा फरक मला कुणी पहिल्या दिवशी सांगितला असता तर फार बरं झालं असतं. डिग्रेडेड म्हणजे प्रत कमी आहे, घाई करा. मिसप्लेस्ड म्हणजे प्रती तिन्ही आहेत, फक्त मुक्काम बदलायचाय. एकाच नव्या डिस्कवर पाच टेराबाइट सलग लिहायचे म्हटले तरी दहा तास लागणार होते, आणि त्या कामाची घाई नव्हती. आम्ही वाचकांना झुकतं माप तसंच ठेवलं आणि काम सावकाश होऊ दिलं. वाचनकक्षातून एकही फोन आला नाही.

खरेदीच्या बैठकीत ‘34 टक्के जागा रिकामी पडून आहे’ असं कुणी म्हणालं, तर आता मला राहवत नाही. ती जागा रिकामी नाही, ती दुरुस्तीसाठी राखलेली आहे. आमच्यासारखी मांडणी तुमच्याकडे असेल तर कागद घ्या, एका सर्व्हरमधली एक डिस्क वजा करा आणि तिचा डेटा उरलेल्यांवर वाटून टक्केवारी काढा. ती 85च्या वर जात असेल, तर डिस्क आत्ताच मागवा.