चिमटा

खानदेशात पायी हिंडणाऱ्याला ऊन, धूळ आणि काटे यांची सोबत मागून घ्यावी लागत नाही. पैकी ऊन संध्याकाळी उतरते, धूळ घागरभर पाण्याने जाते. काटा मात्र मुक्कामाला आपल्याबरोबर येतो. बाभळीचा काटा त्यातल्या त्यात दिलदार म्हणावा. सरळ, पांढुरका, जोडीजोडीने उगवणारा, दोन-दोन इंच लांब. चपलेच्या तळव्यातून आरपार जातो, पण मोडला नाही तर दोन बोटांच्या चिमटीनेही निघतो. बोरीची जात कपटी. तिच्या जोडीतला एक काटा सरळ आणि दुसरा आकड्यासारखा वाकडा. ज्या वळणाने तो शिरला त्याच वळणाने त्याला मागे आणावे लागते. फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेचा. त्याच्या मोठ्या काट्यांना भिऊन आपण हात आवरतो आणि बोटांत शिरतात ती त्यांच्या बुडाशी असलेली केसाहून बारीक कुसे. त्यांना उलटे दात असतात. आणि सातपुड्याच्या उतारांवरील कुसळी गवत? त्याचे बी म्हणजे शेपूट लावलेला भालाच. शेपटीला ओल लागली की पीळ सुटू लागतो आणि बी गिरमिटासारखे फिरत आत घुसते. ही सोय निसर्गाने जमिनीत रुजण्यासाठी केली आहे. पायमोज्यात तीच चालू राहते.

हे सगळे मला आठवण्याचे कारण तोरणमाळ. हे ठिकाण पूर्वी धुळे जिल्ह्यात होते. १९९८ साली नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तेव्हा तिकडे गेले. पाठीवर बिऱ्हाड घेऊन आम्ही चौघे तिकडे निघालो होतो. अशा प्रवासात वजनाचा हिशेब हा एक स्वतंत्र धर्मच होऊन बसतो. आमच्यातील एक गृहस्थ तर दात घासण्याच्या ब्रशाची दांडी अर्धी कापून टाकतात. औषधांच्या पिशवीतून त्यांनी पहिल्याने हाकलले ते चिमट्याला. "सुई आहे ना? मग हे लोखंड कशाला?" एरवी मी त्यांच्याशी वाद घालीत नाही. या खेपेस घातला, कारण बरोबर येणाऱ्या एका मित्राला वीस वर्षांचा मधुमेह आहे.

मधुमेह जुना झाला की पायांची जाणीव मंदावते. काटा रुतला तरी ठणका लागत नाही, आणि ठणका नाही म्हणून कोणी पाहत नाही. रक्ताचा पुरवठाही उणा पडल्यामुळे लहानशी जखम चिघळत जाते व कधी बोट गमावण्यापर्यंत पाळी येते. काट्याचा नायटा होतो, असे आपण सहज बोलून जातो. या माणसाच्या बाबतीत ती म्हण राहत नाही. आणि घरोघरचे उपाय, म्हणजे तापवलेल्या बिब्याचा चटका किंवा रुईचा चीक, त्याच्या पायाला लावणे म्हणजे काट्यावर आणखी एक घाव घालणे.

तेव्हा चिमटा हवाच. प्रश्न कोणता, एवढाच. आजोबांच्या वेळचा, कानकोरण्याबरोबर एका कडीत ओवलेला चिमटा मी पाहिला. त्याची टोके बोथट झालेली. औषधांच्या तयार पेटीत मिळणारा प्लॅस्टिकचा चिमटा दाबला की स्वतःच वाकतो. स्विस चाकूच्या मुठीत दडवलेला चिमटा वजनाला नसल्यासारखाच, पण त्याचे पाते इतके पातळ की घट्ट रुतलेल्या काट्यापुढे ते शरण जाते. टिटॅनियमचा घ्यावा, तर तो धातू पोलादापेक्षा हलका खरा, साडेचारास आठ असे प्रमाण. पण मुळात दीड तोळ्याच्या वस्तूत वाचून वाचणार किती? खिशातले शेंगदाणे त्याहून जड असतात.

अखेर मी जळगावच्या सराफ बाजारात गेलो. डाकाचा कण किंवा मोहरीएवढा खडा उचलणाऱ्या माणसाला चिमट्यातले कळणार नाही तर कोणाला? एका वृद्ध कारागिरांनी तीन चिमटे पुढे टाकले. सर्वांत अणकुचीदार होता तो मी उचलला, तर म्हणाले, "मास्तर, हा खड्यासाठी. याने काटा धराल तर काटा कापला जाईल, आणि हात हलला तर कातडी." मग त्यांनी परीक्षा शिकवली. टोके मिटून उजेडाकडे धरावी. मधून फट दिसू नये. नंतर जोराने दाबावे. हलका माल असला की जोर येताच टोके उलट फाकतात. शेवटी मनगटावरचा एक केस धरून ओढावा. न गंजणाऱ्या पोलादाचा, किंचित बोथट टोकांचा, बोटभर लांबीचा चिमटा तिन्ही कसोट्यांना उतरला. सोन्याच्या काट्यावर त्याचे वजन भरले सव्वा तोळा. टोकांवर सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचा तुकडा चढवला की पिशवीलाही भोक पडत नाही.

याच टोकांनी गोचीडही काढता येते. तिला कातडीलगत धरून सावकाश सरळ वर ओढावे. रॉकेल ओतू नये, जळती काडी लावू नये. २०१६ साली सिंधुदुर्गात माकडतापाची साथ आली, ती या किड्याच्याच मार्फत. तेव्हा ही माहिती केवळ हौसेची नव्हे.

तोरणमाळला रोज संध्याकाळी मित्राचे पाय कंदिलाजवळ घेऊन तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहण्याचा नेम आम्ही ठेवला. पहिल्या दिवशी त्याला संकोच वाटला. दुसऱ्या दिवशी, तो यशवंत तलावाच्या गोष्टी रंगवून सांगत असताना, अंगठ्याशेजारी एक तपकिरी ठिपका दिसला. कुसळ मोज्यातून जाऊन अर्धे आत शिरले होते. त्याच्या गोष्टीत खंड पडला नाही. स्पिरिटने पुसलेला चिमटा लागला तेव्हाही नाही. ते सबंध बाहेर आले, टोकासकट. जागा धुऊन आयोडीन लावले, दुसऱ्या दिवशी त्याला चालू दिले नाही, आणि खाली उतरल्यावर डॉक्टरांना पाय दाखवून धनुर्वाताची सुई टोचून घेतली.

चिमटा आता त्याच्याच घरी असतो. धुळ्याला गेलो की दिसतो: देवघराशेजारच्या कोनाड्यात, हातआरशाला टेकलेला. रात्रीची जेवणे झाली की वहिनी चष्मा लावून त्या कोनाड्याकडे जातात आणि तो कुरकुर करीत पाय पुढे करतो.