तो पडेल कुठे?

कोलोरॅडोच्या उत्तर टोकाला नॉर्थ पार्क नावाचं एक उंच खोरं आहे. समुद्रसपाटीपासून आठ हजार फुटांवरचं गवताळ मैदान, पूर्वेला मेडिसिन बोची रांग, आग्नेयेला नेव्हर समर, पश्चिमेला पार्क रेंज. इथे मूस हे थोराड हरीण पाहायला दुर्बीणही लागत नाही. वॉल्डेन गावाच्या आसपास ओढ्याकाठच्या विलोंमध्ये तो चरत असतो, गाड्या थांबतात, फोटो निघतात आणि हा मान वर करायचेही कष्ट घेत नाही. त्याच्याच कुळातल्या एल्कला माणसाचा वास लागला की तो डोंगर ओलांडून जातो. मूस उभा राहतो. लांडग्यांपुढे पळण्यापेक्षा पाय रोवून उभं राहणं त्याच्या वंशाला फायद्याचं ठरत आलं, आणि बंदुकीपुढेही त्याची सवय तीच.

त्यामुळे मूसच्या शिकारीत खरा कस लागतो तो त्याला शोधण्यात नाही. तो समोर आल्यावर ‘इथे नको’ म्हणता येण्यात लागतो. आणि हे ‘नको’ त्या क्षणी सुचत नाही. ते उन्हाळाभर पायी फिरून आधीच ठरवून ठेवावं लागतं.

घरी पुण्याला फोन केला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: मारायचं तरी कशाला? प्रश्न रास्त आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतात शिकारीवर बंधन आलं आणि तिथल्या जंगलांची अवस्था पाहता ते योग्यच झालं. इथली घडण निराळी. कोलोरॅडोत मूसची स्वतःची अशी वस्तीच नव्हती; वायोमिंगमधून एखादा चुकार नर यायचा आणि निघून जायचा. १९७८-७९ मध्ये राज्याच्या वन्यजीव खात्याने युटाच्या युंटा डोंगरांतून आणि वायोमिंगच्या टेटन भागातून २४ मूस आणून नॉर्थ पार्कमध्ये सोडले. आज राज्यभर ते काही हजार आहेत. त्या खात्याचा वन्यजीवांवरचा खर्च मुख्यतः शिकार आणि मासेमारीच्या परवान्यांवर चालतो, आणि कोणत्या भागात किती परवाने द्यायचे ते कळपांचा अंदाज घेऊन ठरतं.

परवाना सोडतीत लागतो. मी अर्ज भरायचो तेव्हाचा नियम असा, की आधी वर्षाला एक याप्रमाणे तीन गुण साठवायचे. तोवर नाव सोडतीत धरलंही जात नाही. त्यानंतर बरंचसं नशीब. शिंगवाला नर मूस एका माणसाला आयुष्यात एकच मारता येतो. इतकी वाट पाहून हातात आलेला परवाना माणसाला उतावीळ करतो. मोठी शिंगं दिसली की बाकी सगळं धूसर होतं. टेहळणी करायची ती या उतावळेपणावर उतारा म्हणून.

माझ्या नावाचा परवाना लागण्याच्या आधी मी दुसऱ्यांच्या शिकारी पाठीवरून वाहिल्या. या विद्येची बाराखडी तिथे शिकलो, आणि तिचं पहिलं अक्षर म्हणजे वजन. सह्याद्रीतला भरदार सांबर दोनशे किलोंच्या पुढे जातो. इथला पूर्ण वाढलेला नर मूस त्याच्या जवळपास दुप्पट. हाडं सोडवूनसुद्धा दीडशे किलोंच्या आसपास मांस निघतं. नऊ-दहा हजार फुटांवर, पडलेल्या झाडांवरून पाय टाकत, धडधाकट माणूस एका वेळी तीसेक किलो आणतो. म्हणजे पाच खेपा. गाडीपासून अंतर तीन किलोमीटर असेल तर पाच खेपा भरलेल्या आणि मधल्या चार रिकाम्या, मिळून २७ किलोमीटर. खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं हा कायद्याने गुन्हा आहे. आणि राखीव वाइल्डरनेस क्षेत्राची हद्द लागली की चाकाची गाडी, अगदी हाताने ओढायचीसुद्धा, चालत नाही. तिथे पाठ, घोडा नाहीतर लामा.

हा हिशेब डोक्यात बसला की नकाशा वेगळाच दिसू लागतो. नवखा माणूस मूस दिसेल तिथे खूण करतो. मी आधी जुने लाकूडतोडीचे रस्ते, कुंपणं आणि खाजगी जमिनीच्या हद्दी पाहतो. खोऱ्याच्या तळाशी नदीकाठचे सगळ्यात सुरेख विलो बहुतेक रँचवाल्यांच्या मालकीचे. तिथले मूस डोळे भरून पाहावेत आणि विसरून जावेत. पाइन पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांनी गेल्या काही दशकांत इथलं लॉजपोल पाइनचं रान मारून टाकलं. ती वाळकी खोडं आता एकावर एक आडवी झाली आहेत. नकाशावर अर्ध्या किलोमीटरचा दिसणारा टप्पा तिथे तास खातो, आणि हे पायी गेल्याशिवाय कळत नाही.

मग येतो माग. विलो म्हणजे आपल्याकडच्या वाळुंजाचीच थंड मुलखातली भावंडं. मूसचं पोट मुख्यतः त्यांच्यावर चालतं. त्याच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यामुळे डहाळी कापली जात नाही, फाटते. सशाने खाल्लेली डहाळी तिरपी, सुरीने छाटल्यासारखी. मूसने खाल्लेलीचं टोक चिंध्या झालेलं. फाटलेलं टोक पांढरट आणि ओलसर असेल तर खाणं ताजं, करडं पडलं असेल तर जुनं. लेंड्यांचंही तसंच. हिवाळ्यात नुसतं लाकूडफाटा खाऊन त्या कडक, लंबगोल होतात. उन्हाळ्यात ओली पानं आणि पाणवनस्पती खाऊन शेणाच्या पोवासारख्या पसरतात. कडक लेंड्यांचा ढीग पाहून हुरळून जाणारे पुष्कळ. तो ढीग एवढंच सांगतो की जानेवारीत मूस इथे होता. ऑक्टोबरबद्दल तो काही बोलत नाही. माग वाचताना ‘कुठे’ सहज कळतं. ‘कधी’ वाचायला शिकावं लागतं.

‘कधी’चा घोळ जुलैत सर्वांत मोठा. तेव्हा नर दहा-अकरा हजार फुटांवरच्या ओल्या वाट्यांमध्ये असतात, शिंगांवर मखमल, पहाटे दुर्बिणीत सहज सापडणारे. मूसला उन्हाळा सोसत नाही. पारा चौदा-पंधरा अंशांच्या वर गेला की त्याला उष्मा जाणवू लागतो आणि तो उत्तर उतारावरच्या स्प्रूसच्या सावलीत जाऊन बसतो. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीला मखमल झडते, पंधरवड्याभरात नर माजावर येतात, आणि जुलैत मुक्कामाला वाटणारा नर माद्यांच्या मागे दुसऱ्या खोऱ्यात निघून जातो. बंदुकीचा हंगाम ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात. म्हणून जुलैत मी नर मोजत नाही, वाटा पाहतो. सप्टेंबरात मात्र मादी आणि वासरू कुठल्या विलोंत टिकून आहेत ते पाहतो, कारण नर आपणहून तिथे येणार. खुरांनी उकरून मुतलेले खड्डे, सोललेली झुडपं, आणि नाकात भरणारा उग्र दर्प, हे मिळालं की जागा नक्की.

जागा नक्की झाली तरी दोन गोष्टी तपासायच्या राहतात. एक वारा. पहाटे थंड हवा उतारावरून खाली वाहते, ऊन चढलं की वर. मूसची नजर बेताची, पण नाक आणि कान पक्के. तेव्हा सकाळी खालून आणि दुपारी वरून जायची वाट मनात पक्की हवी. दुसरं पाणी. बीव्हरच्या बांधांनी विलो वाढतात आणि विलोंनी मूस, म्हणजे चांगल्या जागेला तळं चिकटलेलंच. फुप्फुसात गोळी लागलेला मूस कित्येकदा काही झालंच नाही असा उभा राहतो, मग चार पावलं टाकतो. ती चार पावलं पाण्याकडे पडली, तर थंडगार चिखलात कमरेएवढं उभं राहून चारशे किलोंचं जनावर सोडवायचं. दोघांना ते उलटवतासुद्धा येत नाही.

परवाना लागला त्या हंगामात पहिल्याच आठवड्यात एक थोराड नर समोर आला. दुपारी, आडवा, बंदुकीच्या टप्प्यात. मागे बीव्हरचं तळं आणि पलीकडे वाइल्डरनेसची हद्द. ही जागा ऑगस्टमध्येच मी नकाशावर खोडली होती. सोबतच्या मित्राने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आणि आम्ही त्याला चरताना पाहत बसलो. हळहळ वाटली, पण वाद झाला नाही, ना मित्राशी ना स्वतःशी. निर्णय दोन महिन्यांपूर्वी शांत डोक्याने झालेला होता. पुढे एक लहान शिंगांचा नर जुन्या लाकूडतोडीच्या रस्त्यालगत, कोरड्या उतारावर मिळाला. तिथे हाताने ओढायची गाडी थेट पोचली. अंधार पडायच्या आत चारही फरे कापडी पिशव्यांत, सावलीत, हवा लागेल असे टांगले गेले. एवढ्या जाड कातडीखाली अंगातली ऊब तासन् तास टिकते आणि मांस आधी मांडीच्या हाडापाशी बिघडतं. म्हणून ऑक्टोबरच्या उन्हात ही घाई अटळ. नाताळात त्याच मांसाची मालवणी मसाल्यातली सागुती झाली, तेव्हा शिंगांची लांबी कुणीही विचारली नाही.

आता सोडतीत नाव लागलेलं कुणी सल्ला विचारायला आलं की ते बंदुकीपासून सुरू करतात. बंदूक नियमात बसणारी असावी आणि बसून, गुडघ्यावर टेकून अचूक मारता यावी, एवढं पुरे. त्यापेक्षा मी त्यांना पाण्याचे रिकामे कॅन घेऊन जायला सांगतो. मनात भरलेल्या जागेपर्यंत जा. तिथे ओढा असणारच. तीस लिटर भरा, पाठीवर बांधा आणि गाडीपर्यंत या. पाणी ओतून टाका, परत जा, पुन्हा भरा. अशा पाच खेपा करा. दुसऱ्या दिवशीही ती जागा आवडत असेल, तरच नकाशावर खूण करा.