कुणासाठी उपाशी

संकष्टीला संध्याकाळपासून चिंचवडगावात मोरया गोसावींच्या समाधी मंदिराकडे रीघ लागते. पहिली पाळी करून आलेली माणसं, कंपनीचा बिल्ला गळ्यात तसाच, पवनेकाठी रांगेत उभी असतात. पहाटे चहा घेऊन घर सोडलेला माणूस चंद्रोदयापर्यंत, म्हणजे रात्री नऊ-साडेनऊपर्यंत, दोन केळ्यांवर काढतो. त्याला कुणी म्हणत नाही, की अरे, पित्त होईल, चक्कर येईल, दिवसभर मशीनवर उभा असतोस, कशाला जिवाचे हाल करतोस. उलट घरी मोदकांची उकड काढून कुणीतरी त्याची वाट पाहत असतं.

मी रात्री आठच्या आत जेवते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत पाणी आणि कोरा चहा यांखेरीज काही घेत नाही. सोळा तास, त्यातले निम्मे झोपेत जातात. एवढ्या साध्या गोष्टीवर मला जितकं ऐकावं लागलं, तितकं मी नोकरी धरली तेव्हाही ऐकावं लागलं नव्हतं. चेहरा उतरलाय, केस गळतील, हाडं ठिसूळ होतील, ही शहरातली थेरं आहेत, खात्यापित्या घरात उपाशी राहणं म्हणजे अन्नाचा अपमान आहे. हे सगळं मी मनापासून ऐकलं आहे. कारण बोलणारी माणसं माझीच आहेत, आणि प्रत्येकाच्या टीकेमागे काहीतरी वेगळं उभं आहे हे मला हळूहळू दिसत गेलं.

कारण साधं होतं. कंपनीतल्या वार्षिक तपासणीत माझं एचबीए१सी ६.२ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. माझ्या आईने तो उंबरठा ओलांडला तेव्हा कुणाला कळलंही नव्हतं. कळलं ते पायाच्या जखमेवरून, आणि त्यात तिचा अंगठा गेला. तिच्या पायाची ड्रेसिंग मी स्वतः करायची. त्यामुळे ६.२ हा आकडा मला घाबरवायला पुरेसा होता.

उपाय शोधायला लांब जावं लागलं नाही. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकर व्याख्यानांतून सांगत असत, की दिवसातून दोनदाच जेवा, मध्ये तोंड चालवू नका; जितक्या वेळा खाल तितक्या वेळा इन्सुलिन स्रवतं. २००४ मध्ये ते अपघातात गेले. तो विचार पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी उचलला आणि दोन जेवणं, प्रत्येक ५५ मिनिटांच्या आत, शिवाय रोज ४५ मिनिटं चालणं, अशा सुटसुटीत रूपात घरोघरी पोचवला. त्यात विकत घ्यायचं काहीच नव्हतं, ना पावडर, ना गोळी. याचं मला फार मोल वाटतं. दुसरीकडे ऋजुता दिवेकर घरचं, ऋतूप्रमाणे, थोड्या थोड्या अंतराने खा म्हणत होत्या. २०१८ च्या सुमारास महाराष्ट्रात यावरून दोन तट पडले. आमची चाकणची बस तळवड्याच्या चौकात अडकली की हाच विषय निघे, आणि बस तिथे अडकली नाही असा दिवस क्वचितच जाई.

सगळ्यांत आधी विरोध केला तो आमच्या डॉक्टरांनी. ती टीका मी कागदावर उतरवून घेतली, कारण ती ज्ञानातून आलेली होती. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याने परस्पर जेवण टाळलं तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बाईने, वाढत्या वयाच्या मुलाने, खाण्याच्या विकारातून गेलेल्या माणसाने या वाटेला जाऊच नये. आणि हा चमत्कार नाही. २०२२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये चीनमधल्या ग्वांगजौचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १३९ स्थूल माणसांना वर्षभर मोजका आहार दिला. त्यांतल्या एका गटाने तो सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात खायचा होता. वर्षाअखेर दोन्ही गटांच्या घटलेल्या वजनात म्हणावा असा फरक नव्हता. म्हणजे फायदा होतो तो मुख्यतः कमी खाल्ल्याचा. हे मला मान्य आहे, आणि बसमध्ये कुणी या पद्धतीची फार आरती ओवाळू लागलं तर मी हाच अभ्यास सांगते. मला कॅलरी मोजून स्वयंपाक करणं जमणारं नाही. घड्याळ पाहणं जमतं. म्हणून मी घड्याळ धरलं.

सासूबाईंची टीका मात्र कुठल्या जर्नलमध्ये सापडणारी नव्हती.

त्या करमाळा तालुक्यातल्या. १९७२ च्या दुष्काळात बारा-तेरा वर्षांच्या होत्या. आईबरोबर खडी फोडायच्या कामावर जायच्या. लाल मिलो ज्वारीची भाकरी थापताना तुटायची, आणि कामावर मिळणारी सुकडी त्या फडक्यात बांधून धाकट्या भावासाठी घरी आणायच्या. पुढे लग्न होऊन भोसरीत आल्या, तेव्हा सासऱ्यांना एमआयडीसीत काम लागलं होतं. सोलापूर, नगर, मराठवाडा इथली अशी किती घरं या पट्ट्यात येऊन वसली! त्यांच्या स्वयंपाकघरात शिळी भाकरी अजून फेकली जात नाही. अशा बाईसमोर मी भरलेला पोह्यांचा डबा बाजूला सारते, तेव्हा तिला काय दिसत असेल? तिने भूक कधी निवडलेली नव्हती. ‘अगं, आहे तर खा की,’ एवढंच त्या म्हणायच्या. त्याला इन्सुलिनचं उत्तर देणं मला बरोबर वाटलं नाही. मी त्यांना आईच्या अंगठ्याची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. त्या ऐकून गप्प बसल्या आणि सकाळचा आग्रह थांबला.

रात्रीचा प्रश्न निराळा होता. माझे यजमान महिन्यातले दोन आठवडे दुसऱ्या पाळीत असतात, घरी यायला रात्रीचा साडेबारा-एक होतो. लग्न झाल्यापासून मी त्यांच्यासाठी थांबत आले. सासूबाईंनी तर सासऱ्यांसाठी उभा जन्म असाच काढला. दुपारी एकला खाल्लेलं, मध्ये चहा-बिस्किटं, आणि मग मध्यरात्री भात-आमटी. गंमत अशी की कॅन्टीनचं जेवण यजमानांचं आठलाच झालेलं असायचं. मी थांबले आहे म्हणून ते पुन्हा दोन घास खायचे. त्या उपाशी राहण्याला कुणी कधी नाव ठेवलं नाही. आल्यागेल्यासमोर कौतुक व्हायचं, की सून थांबते हो, त्याच्याआधी जेवत नाही. मी आठला जेवू लागले तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं, ‘घरचा माणूस अजून कामावर, आणि तू जेवून मोकळी?’

तेव्हा मला या सगळ्या टीकेचं मूळ दिसलं. हरितालिकेला आम्ही पाण्याचा थेंबही न घेता राहतो, नवऱ्यासाठी. वटपौर्णिमेला राहतो, तेही त्याच्यासाठी. मुलाच्या परीक्षेसाठी सोमवार धरतो, सासऱ्यांच्या ऑपरेशनसाठी संकष्ट्या बोलतो. त्या प्रत्येक दिवशी शेजारीण विचारते, ‘आज उपास ना? चल, माझ्याकडे खिचडी केलीय.’ बाईची भूक आपल्या घरांत मानाची आहे, फक्त ती दुसऱ्या कुणाच्या नावावर असायला हवी. तीच भूक तिने स्वतःच्या रक्तातल्या साखरेसाठी धरली, की ती हट्टी होते, आपमतलबी होते. माझी व्रतांवर श्रद्धा आहे. मी आजही हरितालिका करते आणि करत राहीन. पण या शरीराने दोन मुलं वाढवली आहेत, आणि त्याच्या नावाने एक नेम धरण्याचा हक्क मला आहे. हे मी सासूबाईंना शांतपणे सांगितलं, आणि म्हटलं, ‘आई, तुम्हीही आठला माझ्याबरोबर बसा.’ पहिल्यांदा त्या नुसत्या पाटावर येऊन बसल्या, मग अर्धी भाकरी घेऊ लागल्या. आता साडेसातला त्यांचीच हाक येते.

राहिली कॅन्टीनमधल्या मावशींची टीका. ती मला सगळ्यांत जास्त लागली.

आमच्या कॅन्टीनला नऊ वाजता नाश्ता असतो. मावशी ठेकेदाराकडे आहेत, महाळुंग्यात खोली करून राहतात, पहाटे पाचला कामावर येतात. पोह्यांच्या मोठ्या पातेल्यात उलथणं फिरवताना त्यांचा उजवा खांदा दुखतो, म्हणून मध्येच डाव्या हाताने फिरवतात. मी रोज पुढे सरकते हे त्यांनी आठवडाभर पाहिलं आणि मग माझ्यासाठी झाकून ठेवलेली बशी दाखवत म्हणाल्या, ‘मॅडम, आम्हाला खायला सवड मिळत नाही, आणि तुमच्यापुढं असून तुम्ही खात नाही. असं का करता?’

मी त्यांना विचारलं, तुम्ही कधी जेवता? शेवटचा माणूस उठल्यावर, भांडी निघाल्यावर, अडीचला. आदल्या रात्रीचं जेवण साडेनऊचं. म्हणजे मावशींचे रोज सतरा तास होतात, आगीसमोर उभ्याने. माझ्या सोळा तासांना एक नाव आहे, डॉक्टरांची देखरेख आहे, दर तीन महिन्यांनी रिपोर्ट आहे. त्यांच्या सतरा तासांची नोंद कुठेच नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने अडीचशेपेक्षा जास्त कामगार असतील तिथे कॅन्टीन आणायची सोय केली आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची सुट्टीही लावून दिली. त्या सुट्टीत आम्ही सगळे जेवतो. आम्हाला वाढणारी बाई त्या सुट्टीत वाढत असते.

मावशींना मी माझं कारण सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, मीही असंच करू का, माझ्या बहिणीला साखर आहे. मी म्हटलं, तुम्ही आधी सकाळी खायचं, मग साखर तपासायची, आणि मग बोलू. ती झाकलेली बशी मी त्यांच्याच हातात दिली. त्यांनी सुपरवायझरकडे पाहिलं आणि ती पुन्हा ओट्यावर ठेवली.

मी कॅन्टीन कमिटीवर कर्मचाऱ्यांची प्रतिनिधी आहे. आमच्या बैठकांत भाजीतलं तेल, चपातीचा आकार, शुक्रवारचं गोड यांवर तास तास चर्चा होते. या वेळी मी लेखी विषय दिला आहे, की कॅन्टीनमधल्या बायकांनी नाश्ता वाढण्याआधी, साडेआठला, बसून खावं. त्यासाठी वीस मिनिटं त्यांच्या हजेरीत धरावीत. आणि वार्षिक तपासणीला ठेकेदाराकडच्या माणसांचंही रक्त घ्यावं. ठेकेदाराचा माणूस आत्तापासूनच सांगतो आहे की नाश्त्याला उशीर होईल. त्याला उत्तर म्हणून मी पातेली चढवण्यापासून पहिली बशी भरेपर्यंतच्या वेळा मावशींकडून लिहून घेतल्या आहेत. बैठक गुरुवारी आहे.