हलू नको रे वर

10 जुलै 2024. सकाळचे सात वाजून गेले होते आणि नांदेडच्या आमच्या फ्लॅटमध्ये मांडणीतल्या कपबशा वाजायला लागल्या. केंद्र हिंगोलीकडं, तीव्रता 4.5, असं टीव्ही सांगायच्या आत मी अनवाणी रस्त्यावर होतो. जिना उतरताना मी मोठ्यांदा ओरडलो म्हणे, "हलू नको रे वर!" वरच्या मजल्यावरचे देशपांडेकाका अजून मला विचारतात, मी काय केलं होतं?

काकांचा काही संबंध नव्हता. ते वाक्य 1993च्या दिवाळीनंतरचं, पुण्याजवळच्या एका वसतिगृहातलं, वरच्या कॉटवरच्या सास्तूरच्या पोराला उद्देशून होतं.

त्या वर्षीच्या किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्या भागातल्या लेकरांना शिकायला बाहेर काढायची धडपड बऱ्याच जणांनी केली. शांतिलाल मुथ्थांच्या भारतीय जैन संघटनेनं सुमारे 1,200 मुलं पुण्याला नेली, वाघोलीचं संकुल त्यातूनच उभं राहिलं. पन्नालाल सुराणांनी नळदुर्गला 'आपलं घर' काढलं. मी या दोन्हींतला नव्हे. आमचं वसतिगृह वेगळं, लहान, आणि त्यात दुमजली लोखंडी कॉट. माळवदाखालून बाहेर काढलेल्या पोरांना डोक्यावर आणखी एक पोरगं देऊन झोपवायचं, हे कुणाला सुचलं असेल?

सास्तूरकर कुशीवर वळला की कॉट करकरायची. मग मी उठायचो, माझं बघून शेजारचा, आणि बघता बघता अख्खी खोली पटांगणात. रेक्टर सर टॉर्च घेऊन यायचे. "कॉट हललीय रे, कॉट!" ते बिचारे खरंच सांगत होते, पण 1992च्या ऑक्टोबरात किल्लारीची जमीन गुरगुरली होती तेव्हाही शहाण्या माणसांनी असंच सांगितलं होतं. लोक बाहेर झोपले, पुन्हा आत गेले. माणूस किती दिवस अंगणात निजणार? शेवटी सरांनी वायरमन बोलावून सगळ्या कॉट बाइंडिंग तारेनं खिडकीच्या गजांना आवळल्या. करकर थांबली नाही, आमचं पळणं मात्र कमी झालं.

पुढं कधीतरी वाचलं, की हैदराबादच्या एनजीआरआय या भूभौतिकी संस्थेनं किल्लारीत 617 मीटर खोल भोक पाडलं. वरचे 338 मीटर नुसता काळा पत्थर, त्याखाली त्याहून कितीतरी जुना खडक. ज्या भागाला सगळे स्थिर समजत होते तो आतून असा का फाटला, ते शोधत होते. आकडे माझ्या डोक्यात पक्के बसलेत. त्यांचं काय करायचं ते मला कळत नाही.

पाहुण्यांवरचा राग मात्र अजून गेलेला नाही. रविवारी गाडी यायची, आम्हाला ओळीत उभं करायचे. "घरातलं कोण कोण गेलं, बाळा?" आईबाप दोघंही गेलेल्या पोराच्या गालावरून हात फिरायचा, वह्या मिळायच्या, कधी स्वेटर. माझी आज्जी गेली होती. गुडघ्यामुळं तिला अंगणातल्या बाजेवरून सारखं उठवत नसे, म्हणून ती आत बळदाजवळच निजायची. "आज्जी होय?" असं म्हणून बाई पुढच्याकडं सरकायच्या. ज्या हाताची भाकर मी खाल्ली होती त्या हाताची किंमत या बायांनी एका 'होय'मध्ये करून टाकली. वही नको होती मला. (हवी होती, चारेघी.)

सास्तूरकराला विचारलं की तो सांगायचा, "कुणी नाही." पाहुणे हुश्श करून पुढं जायचे. त्याचे आई, बाप, धाकटी बहीण, तिघंही एका भिंतीखाली सापडले होते. मी एकदा रात्री खालूनच विचारलं, खरं का सांगत नाहीस? बराच वेळ कॉट हलली नाही. मग म्हणाला, "झोपलालाव मी."

सुट्टीत गावी आलो तर गाव होतं तिथं नव्हतं. 52 गावं उद्ध्वस्त झाली, त्यातलं आमचं थोड्या अंतरावर नव्यानं वसत होतं, पट्टीनं आखल्यासारखं सरळ. सिमेंटचं घर मिळालं तेव्हा मायनं त्यात ज्वारीची पोती रचली आणि आपण समोर पत्र्याच्या शेडात बाज टाकली. गल्लीत सगळ्यांनी तेच केलं होतं. पोती पक्क्या छताखाली, माणसं पत्र्याखाली. सरकारी साहेब पाहणीला आले की बाया बाजा आत ओढायच्या, साहेब गेले की बाहेर. माय आजही उन्हाळ्याचं निमित्त करते आणि पावसाळ्यातही तिथंच असते.

यंदा पुतणी अकरावीला लातूरला गेली. नीटच्या क्लासेसभोवती आता अख्ख्या मराठवाड्याची लेकरं खोल्या करून राहतात. सामान लावून झाल्यावर आम्ही मायला फोन लावला.

"कितवा मजला हाय?"

"तिसरा, आज्जी."

पलीकडं जरा गप्प. "बरं. रात्री खालच्या दाराला कुलूप लावतेत का गं?"

मुलींचं हॉस्टेल ते. दहाला कुलूप, किल्ली मॅडमच्या उशाला, तशी पाटीच आमच्यासमोर होती.

"न्हाई गं, उघडंच असतंय," पुतणी म्हणाली, आणि मेसमध्ये शेंगांची चटणी मिळत नाही यावर बोलायला लागली.