चादर आणि कागद

पुण्याहून सोलापूरला दिवाळीसाठी जाताना पिशवीत काय न्यावे, हा प्रश्न आमच्या घरी दर वर्षी पडतो. चादर न्यायची सोय नाही, शेंगदाण्याची चटणी न्यायची सोय नाही आणि कडक भाकरी नेणाऱ्याला तर सोलापूरकर वेशीवरूनच परत पाठवतील! उरतात ती पुस्तके. गेली वीस वर्षे मी अण्णांसाठी पुस्तकेच नेत आलो. गेल्या दिवाळीत मात्र पुस्तक नेले नाही, यंत्र नेले.

कारण होते आईचा फोन. ती म्हणाली, "अरे, हे पुस्तक हातात धरून बसतात, पण पान उलटत नाहीत." अण्णांचा मोतीबिंदू काढून झाला होता, पण डोळ्याच्या पडद्यालाच म्हातारपणाचे दुखणे लागले होते. छापील अक्षर पुसट झाले होते आणि कुणाला कळू नये म्हणून ते नुसते पुस्तक धरून बसत होते. ज्या माणसाने दिवसभर कारखान्यात उभे राहून संध्याकाळी वाचनालयाचे कपाट रिकामे केले, त्याने आपले अंधत्व पुस्तकाआडच लपवावे, हे मला फार लागले.

माझ्या मुलीने उपाय सुचवला : इलेक्ट्रॉनिक कागदाचे वाचनयंत्र. अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. मी मराठीचा मास्तर. कागदाच्या वासावर वर्गात व्याख्याने झोडणारा. मी नाक मुरडले. तशी ती म्हणाली, "बाबा, तुम्ही अक्षरं वाचता की कागद?" यावर प्राध्यापकाने काय बोलावे?

सकाळची गाडी होती. भिगवण ओलांडले, उजनीच्या पाण्यावरून ऊन डब्यात शिरले आणि शेजारच्या गृहस्थांनी मोबाइल छातीशी धरून त्यावर रुमालाची सावली केली. माझ्या हातातले पान मात्र उन्हात अधिकच उजळले. मोबाइलचा पडदा स्वतःच्या उजेडाने दिसतो, त्याला सूर्याशी झगडावे लागते. हे पान साध्या कागदासारखे, बाहेरचा उजेड परतवून दिसते. रात्रीसाठी कडेला बारीक दिवे असतात. पण त्यांचा उजेड पानावर पडतो, सरळ डोळ्यांत शिरत नाही.

घरी पोचलो. अण्णांनी यंत्र पाहिलेसुद्धा नाही. "दिव्याची पाटी मला नको," एवढेच म्हणाले.

"अहो, बघा तरी," आई म्हणाली.

"बघायचंच तर दुखणं आहे ना!"

विषय संपला.

दुसऱ्या दिवशी वसुबारस. अण्णांबरोबर फिरायला म्हणून पूर्व भागात गेलो. तिथे गल्ली चुकली तरी कान वाट दाखवतात. खटक्-खटक्, खटक्-खटक्. मराठी, तेलुगू आणि कानडी या तिन्ही भाषा या आवाजावर ओरडूनच बोलायच्या असतात. अण्णांनी उमेदीची सारी वर्षे अशाच एका चादरीच्या कारखान्यात जकार्ड बांधण्यात घालवली. त्यांचे जुने सोबती, आम्ही ज्यांना मामा म्हणतो, अजून मागाजवळ होते. "या ओ मास्तर!" त्यांनी हाक दिली.

मागाच्या डोक्यावर जकार्ड होते, त्यातून भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत होती. फ्रान्समधल्या लिओं शहरी जोसेफ मारी जकार्डने १८०४ च्या सुमारास ही युक्ती सिद्ध केली. पत्त्याला भोक असेल तिथला धागा वर उचलला जातो. नसेल तिथला खाली राहतो. एकामागून एक पत्ता पुढे सरकतो आणि ओळीओळीने मोर, फूल किंवा अक्षर उमटते. याच भोकांच्या धर्तीवर पुढे अमेरिकेची १८९० ची जनगणना यंत्रावर मोजली गेली. म्हणजे संगणकाचे आजोळ मागाच्याच घरी आहे म्हणा ना!

मामांनी चादरीचा कोपरा उलटून दाखवला. वर लाल जमिनीवर पांढरा मोर, खाली पांढऱ्या जमिनीवर लाल मोर. कारखान्याचे विणलेले नावही मागून उलटे दिसत होते. लहानपणी मी ते उलटे वाचण्याचा खेळ खेळत असे. दोन रंगांचे धागे जागोजाग अदलाबदल करतात, एक वर आला की दुसरा खाली जातो.

आणि मला वाट सापडली. "अण्णा, त्या पाटीत हेच आहे."

त्यांनी मान वळवली.

मी सांगू लागलो. पानाच्या पोटात केसाच्या जाडीएवढ्या, पारदर्शक, लाखो कुप्या असतात. प्रत्येकीत स्वच्छ द्रव आणि त्यात काळ्या-पांढऱ्या रंगाचे अतिसूक्ष्म कण. पांढरा म्हणजे आपल्या भिंतीच्या रंगात असतो तोच, टायटॅनियमचा. एका रंगावर धन विद्युत्भार, दुसऱ्यावर ऋण. खालून विजेचा दाब दिला की एक रंग वर येतो, दुसरा तळाला जातो. काळे वर आले तिथे अक्षर, पांढरे वर आले तिथे कोरा कागद.

अण्णांनी कसलेल्या कारागिराचा प्रश्न विचारला. "पत्ते कुठायत?"

"विजेचे आहेत. पानाखाली बारीक कळांची जाळी असते. इंचाला तीनशे ठिपके. प्रत्येकाला वेगळा हुकूम."

"आणि वीज गेली तर?"

"माग थांबला म्हणून विणलेलं उसवतं का?"

अण्णा हसले. पुष्कळ दिवसांनी हसले. खरेच, कण एकदा जागेवर बसले की बसले. वीज लागते ती फक्त पान बदलताना. म्हणून एकदा भरलेली बॅटरी कित्येक दिवस पुरते.

या कागदाचा इतिहास फार जुना नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत झेरॉक्सच्या संशोधनशाळेत निक शेरिडन यांनी अर्धे काळे, अर्धे पांढरे मणी फिरवून पाहिले. एमआयटीत जोसेफ जेकबसन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कुप्यांची शाई घडवली. १९९७ मध्ये ई-इंक ही कंपनी निघाली. २००४ मध्ये जपानात सोनीचे वाचनयंत्र आले, २००७ मध्ये अ‍ॅमेझॉनचे किंडल. आणि डिसेंबर २०१६ पासून त्यावर मराठी पुस्तके विकत मिळू लागली. आता हाच कागद परदेशी दुकानांत फळीवरच्या किमतीच्या चिठ्ठ्या होऊन बसला आहे, बसथांब्यावर वेळा दाखवतो आहे. जिथे मजकूर अधूनमधूनच बदलतो, तिथे तो शोभतो. चलच्चित्र मात्र त्याला पेलत नाही. कणांना द्रवातून पोहत जावे लागते, त्याला वेळ लागतो. पान बदलताना क्षणभर काळे-पांढरे लुकलुकते. रंगीत कागद निघाला आहे, पण त्याचे रंग अजून फिकेच.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी अण्णा अंगणात उन्हाला पाठ देऊन बसले. यंत्र मांडीवर. मी अक्षर वाढवत वाढवत गेलो; एका पानावर जेमतेम सात-आठ ओळी राहिल्या तेव्हा म्हणाले, "थांब. दिसतंय." मग बराच वेळ कोणी बोलले नाही. पान लुकलुकले. पुन्हा लुकलुकले. स्वयंपाकघराच्या दारातून आई पाहत होती. "उलटलं बाई पान!" ती हळूच म्हणाली आणि करंज्यांकडे वळली.

दुपारी अण्णांनी एका जुन्या पुस्तकाचे नाव सांगितले. मी शोधले. यंत्रावर ते नव्हते. मराठीतली कितीतरी जुनी पुस्तके तिथवर पोचलेलीच नाहीत. माझा चेहरा पडला. अण्णा म्हणाले, "माळ्यावर आहे बघ. काढ, आणि तू वाच. मी ऐकतो."

पिवळी पाने हाताला चुरत होती. चादर पायांवर ओढून अण्णा ऐकत बसले.