पिढीचें मोठेपण

पिढी हा शब्द माणसांपुरता होता तोंवर त्याचा हिशेब सोपा होता. आजोबांची एक, वडिलांची दुसरी, आमची तिसरी; मध्यें पंचवीस-तीस वर्षांचें अंतर. परंतु टीव्हीस जोडून ज्यांवर मुलें खेळ खेळतात त्या कन्सोल नामक यंत्रांच्याही आतां पिढ्या मोजतात, आणि तेथें सहासात वर्षांची पिढी म्हातारी गणली जाते. १९७२ पासून आजवर अशा नऊ पिढ्या झाल्या. यांपैकीं थोर कोणती, यावर आमचे विद्यार्थी ज्या हिरिरीनें भांडतात ती पाहून, गावसकर थोर कीं विश्वनाथ या वादांत आम्हीं घालविलेल्या संध्याकाळांची आठवण होते. प्रश्न पोरकट वाटेल. परंतु 'थोर' हें विशेषण आपण कशावरून लावतों हा प्रश्न पोरकट खास नव्हे.

पहिलें उत्तर यंत्राच्या सामर्थ्याचें. पण प्रत्येक नवी पिढी जुनीहून बलवान् असते. तेव्हां या न्यायानें शेवटची तीच सदैव थोर ठरेल आणि वादास जागाच उरणार नाहीं. अनुभव तर उलट आहे. १९८९ सालीं निन्टेंडो कंपनीनें 'गेम बॉय' हें हातांत धरून खेळण्याचें यंत्र काढलें. त्याचा पडदा हिरवट, चित्रांत रंग नाहींत. पुढील वर्षीं सेगा कंपनीचें रंगीत 'गेम गिअर' त्याच्याशीं झुंजावयास आलें. परंतु या रंगीत यंत्रास सहा बॅटऱ्या लागत व त्या थोड्याच तासांत संपत. गेम बॉय चार बॅटऱ्यांवर कितीतरी अधिक काळ चाले. बाजी बिनरंगी यंत्रानेंच मारली. तें ज्यांच्या देखरेखीखालीं तयार झालें त्या गुनपेइ योकोइ यांचें मत असें कीं, जुनें झालेलें, म्हणूनच स्वस्त आणि पुरतें ओळखीचें तंत्र घ्यावें व त्याचा नवा उपयोग शोधावा.

दुसरें उत्तर खपाचें. २००० सालीं निघालेलें सोनी कंपनीचें 'प्लेस्टेशन २' पंधरा कोटींहून अधिक खपलें. पण त्यावर डीव्हीडीचे चित्रपटही दिसत, हें त्याला पुष्कळ घरांत प्रवेश मिळण्याचें एक कारण होतें. वस्तु किती दूर पोंचली हें खप सांगतो. तिनें काय आणलें हें तो सांगत नाहीं.

तिसरें उत्तर आठवणीचें, आणि तेंच सर्वांत बलवत्तर. ज्याच्या बाराव्या वर्षीं जी पिढी चालू होती ती त्याला थोर. आमच्या देशांत तर या पिढ्या क्रमानें आल्याही नाहींत. १९८३ च्या जपानी 'फॅमिकॉम' यंत्राच्या नकला येथें नव्वदीच्या दशकांत घरोघर पोंचल्या. आमच्या थोरल्या बंधूंनीं मुलासाठीं आणलेली पेटी त्यांतलीच. तिच्यावर मूळ कर्त्याचें नांव शोधून सांपडत नसे. त्या पेटीवर पुतण्या निजल्यावर आम्ही 'सुपर मारिओ' खेळत असूं. १९८५ चा तो खेळ अवघ्या ४० किलोबाइटांचा. त्यांतील आकाशांतला ढग आणि जमिनीवरचें झुडूप हें एकच चित्र आहे, रंग मात्र निराळे, हें आम्हांस पुढें कळलें, आणि काटकसरीच्या त्या चातुर्यानें आमचा आदर वाढलाच. तरीही आमच्या मायेची पिढी तीच थोर, असा निकाल देण्यास आम्ही धजत नाहीं.

आमच्या मतें, ज्याचें उत्तर कोणाहीपाशीं तयार नाहीं असा प्रश्न जी पिढी विचारते आणि उत्तर शोधण्याची मोकळीक पुष्कळांस देते, ती थोर. या कसोटीस १९९४ नंतरची पांचवी पिढी उतरते. तोंवर बहुतेक खेळ सपाट होते; आतां चित्राला खोली आली, आणि पाहणाऱ्यानें कोठें उभें राहावें हाच प्रश्न झाला. १९९६ च्या 'सुपर मारिओ ६४' मध्यें ढगावर बसलेला एक प्राणी कॅमेरा घेऊन नायकामागें फिरतो. १९९८ च्या 'झेल्डा' मध्यें शत्रूवर दृष्टि खिळवून ठेवण्याची युक्ति निघाली. १९९९ च्या 'सायलेंट हिल' मध्यें दूरचें रेखाटण्याची यंत्राची असमर्थता धुक्यांत लपविली आणि तें धुकेंच भयाचें मूळ झालें. मोकळीक मिळाली ती तबकडीमुळें. निन्टेंडोच्या कार्ट्रिजमध्यें फार तर ६४ मेगाबाइट मावत व तें बनविणें महाग पडे. प्लेस्टेशनची तबकडी स्वस्त, आणि तिच्यांत त्याच्या दसपट मजकूर राही. म्हणून 'फायनल फँटसी' चे कर्ते जुनें घर सोडून सोनीकडे गेले, आणि १९९७ सालीं त्यांचा सातवा खेळ तीन तबकड्यांवर निघाला.

यावर आक्षेप येईल कीं, ते खेळ आज पाहवत नाहींत. चेहरे कोनाकोनांचे, सरळ रेषा हलतांना वाकड्या होतात. आक्षेप खरा आहे. पण १८५७ चें बाबा पदमनजींचें 'यमुनापर्यटन' हरिभाऊंच्या कादंबऱ्यांशेजारीं ठेवल्यास तेंही ओबडधोबडच दिसेल. वाट पाडणाऱ्याच्या पायांस धूळ लागावयाचीच.

मात्र वाट मागें उरली पाहिजे, आणि आमची खरी चिंता येथें आहे. २०२३ सालीं व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेच्या पाहणींत असें आढळलें कीं, २०१० पूर्वीं अमेरिकेंत निघालेल्या खेळांपैकीं शेंकडा ८७ बाजारांत मिळत नाहींत. त्याच वर्षीं मार्चमध्यें निन्टेंडोनें आपल्या दोन जुन्या यंत्रांचीं ऑनलाइन दुकानें बंद केलीं; जे खेळ केवळ तेथेंच विकले जात, ते नव्यानें विकत घेण्याचा मार्ग खुंटला. १९९७ ची तबकडी कपाटांत जपली तर आजही चालू शकते. आतां मात्र तबकडीची खांचच नसलेलीं यंत्रेंही विकलीं जात आहेत. त्यांवरील खेळ दुकान उघडें असेतोंवर आपले.

आमच्या ग्रंथालयांत कोणी न उघडलेलीं पुस्तकें वर्षानुवर्षें पडून असतात, आणि एखाद्या दिवशीं एखादा विद्यार्थी त्यांतलें एक काढून नेतो. ही सोय खेळांस नसेल, तर आजची पिढी कितीही बलवान् असो, तिची योग्यता पारखावयास पुढच्यांच्या हातीं कांहींच राहणार नाहीं. माणसांची काय, यंत्रांची काय, पिढी थोर होती कीं नव्हती हें पुढची पिढी ठरविते. आणि त्यासाठीं तिच्या हातीं मागचा ठेवा असावा लागतो.