सिग्नल पडला

'सिग्नल पडला' हा शब्दप्रयोग आमच्या भागातील वयस्क माणसांच्या तोंडी अजून आहे. गाडी येण्याची वेळ झाली, एवढाच त्याचा अर्थ. रंगीत दिव्यांच्या सिग्नलमध्ये पडण्यासारखे काहीच नसते. जुन्या खांबावरचा आडवा हात मात्र तार ओढताच खाली झुके, आणि लोक त्या झुकण्याला 'पडणे' म्हणत. वस्तू गेली, क्रियापद राहिले. सांधेवाला, आगवाला, खलाशी हे शब्दही असेच माणसांवाचून उरलेले.

बुलडाणा जिल्ह्यात वाढलेल्या आमची गाडी म्हणजे जलंब–खामगाव. मुंबई–नागपूर मार्गावरील जलंबहून फुटलेला तेराएक किलोमीटरांचा फाटा. मार्च १८७० मध्ये तो सुरू झाला, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने खामगावी आला होता. एवढ्याशा रुळांसाठी व्हाइसरॉयने यावे, याचे कारण कापूस. अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१–६५) लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला आणि त्यांचे लक्ष वऱ्हाडाकडे वळले. खामगावची पेठ तेव्हाच्या वऱ्हाडातील मोठ्या पेठांपैकी एक. हा फाटा आजही चालू आहे. तो ब्रॉडगेज होता म्हणून वाचला, असे आमचे मत. शेजारच्या शकुंतलेच्या नशिबी ते नव्हते.

शकुंतला मूर्तिजापूरहून दोन दिशांना जाई. एक फाटा सुमारे ७६ किलोमीटरांवरच्या अचलपूरला, दुसरा सुमारे ११३ किलोमीटरांवरच्या यवतमाळला. रूळ अडीच फुटी. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या पुढाकाराने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ती बांधली गेली, आणि देशातील रेल्वेमार्गांचे राष्ट्रीयीकरण झाले तरी हिची मालकी खासगीच राहिली. मँचेस्टरला १९२१ साली घडवलेले वाफेचे इंजिन तिला १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत ओढत होते. मँचेस्टरचे इंजिन, आणि वाहायचा तो मँचेस्टरच्या वाटेला लागलेला कापूस! इतिहासाच्या तासाला हे उदाहरण फार उपयोगी पडते.

आम्ही मात्र तिला ओळखत होतो ते आत्यांमुळे. आमच्या आत्या दर्यापूरला दिलेल्या. दर्यापूरचे स्टेशन बनोसा या नावाचे, त्यामुळे नवखा माणूस हमखास गोंधळे. मूर्तिजापूरला मोठ्या गाडीतून उतरायचे, पिशव्या सावरत पलीकडे उभ्या असलेल्या लहान डब्यांकडे जायचे. गाडीची गती सायकलवाल्याला धीर यावा अशी. अनेक थांब्यांवर तिकीटबाबू नसे. गार्डच तिकिटे देई. फाटक आले की गाडी थांबे. गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावी, गाडी पलीकडे जाऊन पुन्हा थांबे, तो फाटक उघडून परत गाडीत चढे. आत्या म्हणत, "बाई आधी दार लावते, मग पुढं जाते. घरंदाज आहे." कालिदास त्यांनी वाचला नव्हता. शकुंतला हे त्यांच्या लेखी आळीतल्या कुणा बाईचे नाव असावे तसे होते.

या गाडीवर पुष्कळ लिहिले गेले. त्यात दोन सूर ठळक दिसतात. एक हळहळीचा: धूर, शिट्टी, संथ निसर्ग. दुसरा संतापाचा: स्वतंत्र देशात परक्या कंपनीचे रूळ, तिला द्यावा लागणारा मोबदला. दोन्हींत तथ्य आहे, आणि दोन्हींत प्रवासी नाही. एसटीच्या तुलनेत तिकीट किरकोळ होते, म्हणून त्या गाडीत मजूर असत, भाजीच्या टोपल्या घेतलेल्या बाया असत, माहेरी निघालेल्या सासुरवाशिणी असत. आत्यांना माहेरी यायला कुणाकडे पैसे मागावे लागत नसत. त्यांचे चार दिवसांचे स्वातंत्र्य त्या तिकिटाच्या पुठ्ठ्याएवढेच होते. पण ते त्यांच्या पदराच्या गाठीत होते. गतीचा विनोद करणाऱ्या लेखकांना (आम्हीही त्याच धंद्यातले) ही गाठ दिसत नाही.

गेल्या दशकात आधी यवतमाळची, मग अचलपूरची गाडी बंद झाली. तोवर आत्यांचे गुडघे गेले होते. एसटीची पायरी त्यांना चढवत नव्हती, आणि जीपमध्ये दाटीने बसणे त्यांच्या वयाला शोभत नव्हते. त्यांचे खामगावला येणे वर्षातून एकदावर आले, पुढे लग्नकार्यापुरतेच. भाऊबीजेला आता आम्हीच दर्यापूरला जातो, वडिलांना घेऊन.

गाडी पुन्हा धावावी म्हणून अचलपूर–परतवाडा भागातील लोकांनी आंदोलने केली. त्यांना हवी होती ती धावणारी गाडी, संग्रहालयातले इंजिन नव्हे. इकडे अकोला–खंडवा मीटरगेजच्या रुंदीकरणात मेळघाटचा व्याघ्रप्रकल्प टाळायचा म्हणून नवा मार्ग आमच्या जिल्ह्यातील सोनाळा, जामोद या बाजूने आखला गेला. आत्यांना ते सांगितले, तेव्हा त्यांनी तो मार्ग कुठून कुठे जातो हे विचारले नाही. "पॅसेंजर राहील ना रे त्याच्यावर?" एवढेच विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता त्या चहाचे आधण ठेवायला आत गेल्या.